पंधरा तारखेचे लिफाफे

२९ जानेवारी

“पैसा किती आला ते नंतर विचार, आधी कधी आला ते विचार.”

बाबांनी हे मला सांगितलं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. कॉलेज अर्धवट सोडून घरी परतले होते आणि दिवसभर खिडकीशी बसून रडायचे. आई बाबांना म्हणाली, “हिला तुमच्या ऑफिसात न्या. तिथे बसून रडेल, निदान फोन तरी उचलेल.” पहिल्याच आठवड्यात माझ्यासमोर व्हर्ना डॉर येऊन बसली. फरच्या फांद्यांची नाताळची गोल तोरणं करून विकायची ती, तेव्हाही. मी विचारलं, वर्षाची कमाई किती? व्हर्ना लाल झाली आणि खाडीकडे बघत बसली. बाबा खुर्चीतून उठलेही नाहीत. मला ते वाक्य ऐकवलं आणि तिला विचारलं, “व्हर्ना, यंदा पहिला ट्रक कधी भरला?” झालं. ती अर्धा तास बोलत होती. बर्फ कधी पडलं, तोरणांसाठी फरचे शेंडे मोडायला कोण आलं, बोस्टनच्या व्यापाऱ्याने घासाघीस करून कसा भाव पाडला. तिचं बोलून झालं तेव्हा बाबांच्या कागदावर आकडा उतरलेला होता.

आज सीझन सुरू झाला. करविवरणं भरायला लोक येऊ लागले. मी सेहेचाळीस वर्षांची आहे, तीच शेगडी आहे, तीच खिडकी आहे. पेन्सिल आणि कागदाच्या गुंडाळीवर आकडे छापणारं ते खडखडणारं यंत्र मात्र गेलं. आता सॉफ्टवेअर आहे. ते आधी ‘किती’ विचारतं.

ही वही मी आजपासून का लिहितेय? आई होती तोवर रोज जेवताना विचारायची, “आज कोण आलं होतं?” तिला जाऊन दोन वर्षं होतील. सांगायची सवय राहिली, ऐकणारी गेली.

६ फेब्रुवारी

पहिलं मोठं गिऱ्हाईक व्हर्नाच. बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आली, त्यात वर्षभराचे कागद. काकवीचे डोनटही आणले होते. बाबांना आधी दिले, मग मला.

आकडे भरत गेले आणि स्क्रीनच्या डोक्यावर लाल ओळ उगवली. आगाऊ कराचा हप्ता कमी, दंड छप्पन्न डॉलर.

आमच्याकडे पगारदार माणसं थोडी. ज्यांचा कर पगारातून कापला जात नाही त्यांनी तो वर्षातून चारदा आपणहून भरायचा, एप्रिल, जून, सप्टेंबर आणि जानेवारीच्या पंधरा तारखेला. व्हर्नाचा एकही हप्ता आजवर चुकला नव्हता. मी तिची बँकेची स्टेटमेंटं चाळली. एप्रिल आहे, सप्टेंबर आहे, जानेवारी आहे. जून नाही.

“व्हर्ना, जूनचा चेक कुठेय?”

तिने चष्मा काढला, पुसला. “नाही का तिथे?”

“नाही. नऊशे डॉलरचा होता ना?”

“मग लिहायला विसरले असेन, बाळा.”

“तू? तू तर वाढदिवसाचं कार्डसुद्धा आठवडाभर आधी टाकतेस.”

“चौऱ्याहत्तर वर्षांची झाले मी. एखादी गोष्ट विसरायचा हक्क आहे की नाही मला?” असं म्हणून ती बाबांकडे वळली. “हॉलिस, डोनट कोरडे झालेत का रे?”

“तुझे डोनट आणि कोरडे?” बाबा म्हणाले. “दे अजून एक.”

तिला मी जरा बोललेच. छप्पन्न डॉलर काही फार नाहीत, पण असं होता कामा नये म्हटलं. ती निमूट ऐकून घेत होती. व्हर्ना निमूट ऐकून घेते हे मी प्रथमच पाहिलं. म्हातारपण आलं असावं.

९ फेब्रुवारी

बाबा आज घरातल्या सपाता घालूनच ऑफिसात आले, बर्फातून. मी हसले, तेही हसले. म्हणाले, “आईला सांगू नकोस.” मी त्यांचे मोजे शेगडीपाशी वाळत घातले. आई नाही याची त्यांना अजून सवय होत नाही.

१३ फेब्रुवारी

लोवेल प्रेबल आले होते. उन्हाळ्यात शहरातून जी मंडळी येतात त्यांच्या बंगल्यांची देखभाल ते करतात. मे महिन्यात पाण्याच्या नळ्या चालू करून द्यायच्या, सप्टेंबरात बंद करायच्या, मधे गवत कापायचं आणि त्यांच्या तक्रारी ऐकायच्या. म्हणतात, गवताचे पैसे घेतो, तक्रारी फुकट ऐकतो.

त्यांच्याही स्क्रीनवर लाल ओळ. त्यांच्याही स्टेटमेंटात जून नाही.

“लोवेल, तुम्हीसुद्धा?”

“मीसुद्धा काय?”

“जूनचा चेक लिहायला विसरलात.”

त्यांनी टोपी काढली, परत घातली. “हो, पोरी. विसरलो. त्या आठवड्यात गवत फार वाढलं होतं.”

“गवत दरवर्षीच वाढतं.”

“यंदा जरा जास्त,” ते म्हणाले आणि बाबांशी बोटींच्या इंजिनांबद्दल बोलायला गेले. बाबांनी त्यांना त्यांच्या जुन्या इंजिनाचा किस्सा सांगितला. लोवेल पोट धरून हसले. हाच किस्सा बाबांनी त्यांना दार उघडतानाही सांगितला होता. लोवेल तेव्हाही तितकेच हसले होते. फार सभ्य माणूस.

२० फेब्रुवारी

आता पाच झाले. पाच जणांचा जूनचा हप्ता नाही. पाचही जण सांगतात, विसरलो. मला तर वाटायला लागलंय की सगळं गावच विसरभोळं झालंय. पाण्यात काही असावं.

बाबांना विचारलं. त्यांनी आपली हिरवी वही काढून दाखवली. पंधरा जून, सात नावं, प्रत्येक नावापुढे खूण. “सगळ्यांचे लिफाफे मी स्वतः नेले,” ते म्हणाले. वही कधी खोटं सांगत नाही. म्हणजे लोकांनी लिफाफे दिले आणि आत चेक घालायला विसरले? सातपैकी पाच जण? उरलेले दोघं अजून यायचेत.

ही लिफाफ्यांची पद्धत माझ्या जन्माआधीची. एका साली कुणाचा तरी हप्ता वाटेत गहाळ झाला. तेव्हापासून बाबांनी ठरवलं की ज्यांना घोर लागतो त्यांचे लिफाफे आपण न्यायचे. चेक लिहून, बंद करून लोक बाबांच्या हाती देतात. बाबा ट्रक घेऊन पोस्टात जातात, खिडकीपाशी उभे राहतात आणि प्रत्येक लिफाफ्यावर तारखेचा शिक्का डोळ्यांदेखत पडलेला बघतात. लहानपणी मी सोबत असायचे. लिफाफे माझ्या मांडीवर. बाबा सांगायचे, “वाऱ्याने उडाले तर सगळं गाव तुरुंगात जाईल,” आणि मी दोन्ही हातांनी ते दाबून धरायचे. पोस्टातल्या बाई शिक्का मारताना एकेक नाव मोठ्याने वाचायच्या. चर्चमध्ये नावं वाचतात तसं वाटायचं मला. परतताना आई दारात उभी असायची. “टाकून आलात?” “टाकून आलो.” इतकंच बोलणं, वर्षातून चार वेळा.

आज ऑफिसच्या दारावर मी मोठ्या अक्षरात कागद लावला: ‘लिफाफा बंद करण्यापूर्वी चेक आत आहे का पाहा.’ व्हर्ना रस्त्याने जाताना तो वाचत उभी राहिली. मला वाटलं हसेल. ती बराच वेळ उभी होती आणि हसली नाही.

२७ फेब्रुवारी

आजचा दिवस छान गेला.

दंड काढताना सॉफ्टवेअर धरून चालतं की कमाई वर्षभर सारखी आली. बारा महिने, चार समान हप्ते. पण आत खोलवर एक पान आहे, कुणी फारसं उघडत नाही. ‘उत्पन्न वर्षभर समान नव्हतं’ या चौकटीत खूण केली की चार रकाने उघडतात. पहिल्यात मार्चअखेरपर्यंतची कमाई, दुसऱ्यात मेअखेरपर्यंतची, तिसऱ्यात ऑगस्टअखेर, चौथ्यात पूर्ण वर्ष. तीन महिने, पाच महिने, आठ महिने, बारा. तिमाही म्हणायचं आणि चारांचा एकमेकांशी मेळ नाही. पण त्या रकान्यांत माणसाचं वर्ष खरोखर जसं गेलं तसं भरता येतं.

व्हर्नाला बोलावलं. शेगडीपाशी बसवलं आणि बाबांनी तिच्याशी बोलायला सुरुवात केली. मी फक्त टाइप करत होते.

“मार्चपर्यंत काय केलंस?”

“काय करणार? बर्फ बघितलं. पेन्शन आली. लोकरीचे मोजे विणले, ते कुणी विकत घेतले नाहीत.”

“मेपर्यंत?”

“वाळूत तिसऱ्या-शिंपल्या खणल्या, चार बादल्या. गुडघ्यांनी परत पाठवलं.”

“आणि ऑगस्ट?”

“ऑगस्टात तुझ्याकडे ब्लूबेरीचा केक घेऊन आले होते, हॉलिस. ते उत्पन्नात धरतोस का?”

“खर्चात धरतो. मी दोन किलो वाढलो.”

मग ती नोव्हेंबरचं सांगायला लागली. तोरणं बांधायच्या शेडमधल्या चार बायका, हातांना लागलेला चीक, तो रॉकेलने काढायचा, कुणीतरी रेडिओवर नाताळची गाणी लावायची आणि दुसरी कुणीतरी ओरडायची की अजून पाच आठवडे आहेत, बंद कर. माझी आईही दोन वर्षं त्या शेडमध्ये बसली होती. त्या दिवसांत तिच्या स्वेटरला फरचा वास यायचा आणि तो जानेवारीपर्यंत जायचा नाही. मी टाइप करायचं थांबले होते. बाबाही थांबले होते. तिघंही एकाच स्वेटरचा वास घेत होतो बहुतेक.

व्हर्नाची सगळी कमाई वर्षाच्या शेवटी. जूनपर्यंत तिला जितका कर लागत होता तितका तिने एप्रिलमध्येच भरला होता. मी बटण दाबलं. लाल ओळ नाहीशी झाली. दंड शून्य.

बाबा टेबलावर हात आपटून म्हणाले, “पाहिलंस? आधी ‘कधी’ विचारायचं.” त्यांचा चेहरा तीस वर्षांपूर्वीचा होता.

५ मार्च

लोवेलचा दंडही शून्य. त्यांचे पैसे जुलैशिवाय येतच नाहीत. मागाहून आलेल्या दोघांचाही जून नव्हता; उरलेल्या पाचांत चौघांचे शून्य, एकाचा चार डॉलर. चार डॉलरवाला म्हणाला, तेवढ्याची मी कॉफी पितो.

आज बाबांचं स्वतःचं विवरण घेतलं. ते मी नेहमी शेवटी ठेवते, गोड पदार्थासारखं. आकडे भरले. लाल ओळ आली. दंड एकशे एकेचाळीस डॉलर.

त्यांच्या स्टेटमेंटात जून नाही. सप्टेंबर नाही. जानेवारीही नाही.

मी ते आत दडलेलं पान उघडलं. पण बाबांची कमाई म्हणजे हे ऑफिस, आणि ऑफिसची कमाई फेब्रुवारी ते एप्रिल. त्यांचा पैसा सगळ्यांच्या आधी येतो. चार रकान्यांत भरलं तर दंड कमी व्हायच्या ऐवजी एकशे अठ्ठ्याहत्तर झाला. जे पान सगळ्या गावाला वाचवतं ते त्यांना वाचवत नाही. मी खूण काढून टाकली.

बाबा विसरतील? स्वतःचे चेक लिहायला, तीनदा? बँकेची काहीतरी चूक असणार. उद्या फोन करते.

८ मार्च

बँकेची चूक नाही.

ट्रकच्या सीटमागे बर्फ काढायचं फावडं शोधत होते. तिथे ब्लूबेरी गोळा करायची पत्र्याची बादली होती, आणि बादलीत रबर लावलेले तीन गठ्ठे. प्रत्येकावर बाबांच्या अक्षरात चिठ्ठी. पंधरा जून. पंधरा सप्टेंबर. पंधरा जानेवारी. एकाही लिफाफ्यावर शिक्का नाही.

जूनच्या गठ्ठ्याखाली वाळलेली ल्युपिनची फुलं होती. जांभळी असतील, आता राखाडी झालीत. जूनमध्ये दफनभूमीच्या उतारावर ल्युपिन नुसती माजलेली असतात. आईची आवडती.

मी बादली घेऊन ट्रकमध्ये बसून राहिले. मग फावडं सापडलं. पायऱ्यांवरचं बर्फ काढलं. दुसरं काय करणार होते?

९ मार्च

सकाळी व्हर्नाकडे गेले. तिन्ही गठ्ठे स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवले. ती ओरडेल असं वाटलं होतं. तिने किटली शेगडीवर चढवली.

“सापडले होय,” ती म्हणाली. “कुठे होते?”

“ट्रकमध्ये. व्हर्ना, तुला माहीत होतं?”

“जुलैत स्टेटमेंट आलं तेव्हा कळलं की चेक वटला नाही. म्हटलं पोस्टात रखडला असेल. मग दुकानात लोवेल भेटला. म्हणाला, तुझा उतरला का? म्हटलं, नाही. म्हणाला, माझाही नाही. मग आम्ही लोण्याच्या भावाबद्दल बोललो.”

“आणि मला कुणी सांगितलं नाही?”

“तुला सांगून काय झालं असतं? तू त्याच्याकडे गेली असतीस.”

जूनचा तिचा लिफाफा तिने फोडला. नऊशे डॉलरचा चेक, तिची सुबक सही. ती बघून तिने तो शेगडीत टाकला. सप्टेंबरचा आणि जानेवारीचा तिने उचलून ॲप्रनच्या खिशात घातला.

“ते फोड ना.”

“त्यात काही नाही.”

“पण त्या दोन महिन्यांचे तुझे चेक तर वटलेत.”

“ते मी स्वतः टाकले. पलीकडच्या गावात जाऊन, इथल्या पोस्टात नको म्हणून. याच्यात कोरे कागद आहेत. पंधरा तारखेला हॉलिस दारात येतो, टोपी काढतो आणि हात पुढे करतो. त्या हातावर मी काय ठेवायचं?”

किटली उकळत होती. तिने ती उतरवली नाही.

“मग जूनचे पैसे नंतर का नाही पाठवलेस? दंड तरी लागला नसता.”

“आणि त्याला हा गठ्ठा सापडला असता तर? त्याने तो टाकला असता, आणि खात्यात पैसे नाहीत म्हणून माझा चेक परत आला असता. हॉलिसने टाकलेला चेक, आणि परत? ते नऊशे मी हिवाळाभर खात्यात तसेच ठेवलेत, बाळा. बॉयलर बिघडला तरी हात लावला नाही.”

दारावर लावलेला माझा कागद मला आठवला. काय लिहिलं होतं मी, आणि कुणाला.

“बाकीच्यांनीही असंच केलं?”

“मी कुणाला विचारलं नाही. मला कुणी विचारलं नाही.”

चहा प्यायलो. तिने मोजे दाखवले, जे कुणी विकत घेतले नव्हते. मी दोन जोड घेतले. पैसे घेईना. मी टेबलावर ठेवले तर म्हणाली, मग हे मला उत्पन्नात दाखवावे लागतील.

परत आल्यावर आधी दारावरचा कागद काढला. बाबा म्हणाले, “का काढलास? चांगला होता.”

२२ मार्च

किती दिवस लिहिलं नाही. काम होतं, हे खरं. पण तेवढंच नाही. रोज बाबांचं विवरण उघडायचे आणि बंद करायचे.

सॉफ्टवेअरमध्ये शेवटी एक चौकट आहे. माफीची विनंती. हप्ता भरता न येण्याचं कारण लिहा. आजारपण, आपत्ती, काही असाधारण परिस्थिती. सोबत सही आणि लागेल ते प्रमाणपत्र. मी त्या चौकटीत चार वेळा लिहिलं. एकदा लिहिलं, ‘करदात्याच्या पत्नीचं निधन.’ पण दोन वर्षं झाली त्याला. एकदा लिहिलं, ‘करदात्याचं वय एकोणऐंशी.’ वय हे काय कारण आहे? चौथ्या वेळी खरं तेच लिहिलं, एका ओळीत. ती ओळ वाचवेना. लिहिणारी मीच, तरी कुणा परक्याने त्यांच्याबद्दल कागाळी केल्यासारखी वाटली.

आज बाबा माझ्या मागे येऊन उभे राहिले ते मला कळलंच नाही. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि स्क्रीनवरची ती ओळ वाचली. सावकाश वाचली, गिऱ्हाइकाचं विवरण तपासतात तशी, पेन्सिलीचं टोक अक्षराखालून नेत. मी माऊसकडे हात नेला.

“थांब,” ते म्हणाले. “पूर्ण वाचू दे.”

मग शेजारची खुर्ची ओढून बसले.

“तीनही?” त्यांनी विचारलं.

“तीनही.”

“आणि लोकांचे?”

“लोकांचं सगळं नीट झालंय, बाबा. शून्य आलं त्यांचं. एकाचा चार डॉलर.”

“कोण?”

मी नाव सांगितलं. “तो कटकट करेल,” ते म्हणाले. “नाही केली,” मी म्हटलं.

त्यांनी हिरवी वही पुढे ओढली. पंधरा जूनचं पान त्यांनी स्वतः उघडलं. सात नावं, सात खुणा. एका खुणेवर बोट ठेवलं.

“ही माझीच आहे,” ते म्हणाले. “मी निघालो होतो. ते आठवतं. लिफाफे सीटवर होते. त्या दिवशी मी कुठे गेलो, मार्ला?”

“आईकडे.”

“तुला काय माहीत?”

“ट्रकमध्ये ल्युपिन होती.”

त्यांनी मान हलवली. वही मिटली आणि तिच्यावर तळहात ठेवला, वारा नसतानाही उडेल की काय असा.

“म्हणजे मी तिला सांगितलं असणार, टाकून आलो म्हणून,” ते म्हणाले. “आणि मग ते खरंच वाटलं मला.”

मी खुर्ची त्यांच्याजवळ सरकवली.

“दंड किती?”

“एकशे एकेचाळीस.”

“हिशोब बरोबर आहे ना?”

“बरोबर आहे.”

“मग भर. ती ओळ काढ. माफी मागायला कारण लागतं. बायकोला भेटायला गेलो हे कारण नाही.”

“बाबा, ती ओळ त्याबद्दल नाहीये.”

“मला वाचता येतं अजून,” ते म्हणाले. रागाने नाही. मग उठले आणि शेगडीत लाकूड घातलं. त्यात आधीच दोन होती.

मी ओळ काढली. एकशे एकेचाळीस डॉलरचा चेक त्यांनी स्वतः लिहिला. तारीख मला विचारली. चेक लिहिताना तारीख विचारायची त्यांची सवय जुनीच आहे, असं मी आजपर्यंत मानत आले होते.

३ एप्रिल

बर्फ उतरतंय. रस्त्याच्या कडेला काळा चिखल.

व्हर्ना आज सहज म्हणून आली. बाबा पोस्टाचं तिकीट शोधत आतल्या खोलीत होते. ती हळू आवाजात म्हणाली, “पंधरा तारखेला मी लिफाफा देणार आहे त्याला. खरा. आत चेक असलेला. कोरे कागद घालायचा मला कंटाळा आला.”

“आणि नाही टाकला तर?”

“तू आहेस ना,” ती म्हणाली. जसं काही ते सगळ्यांचं ठरलंय आणि फक्त मलाच सांगायचं राहिलं होतं.

लोवेलनीही दुपारी फोन केला. गवत अजून उगवलं नाही म्हणाले, पण चेक लिहून ठेवलाय. “हॉलिसला सांग, दार वाजवायचं नाही. सरळ आत यायचं.”

संध्याकाळभर विचार करतेय. त्यांच्या हातातून लिफाफे काढून घेणं मला जमणार नाही. त्यांना एकटं जाऊ देणंही जमणार नाही. डॉक्टरांची वेळ अठरा तारखेची घेतली आहे. ते त्यांना अजून सांगितलेलं नाही. अठरा पंधराच्या नंतर येते, एवढंच बरं.

आई हयात असताना आईनेही तो ट्रक कधी चालवला नाही. मी सोळाची असताना एकदा मागितला होता, नाही म्हणाले. तिसाव्या वर्षी मागितला, सामान आणायला, तेव्हा स्वतः आले सामान आणायला. मागच्या वर्षीच्या हिवाळ्यात त्यांच्या पायाला प्लास्टर होतं, तेव्हाही दीड महिना ट्रक आवारात उभा राहिला, पण किल्ली खिशातून निघाली नाही. कशाचं उत्तर काय येईल हे मला ठाऊक आहे. आधी हसतील. मग म्हणतील, तुला त्याचा क्लच जमणार नाही. मग टोपी घालतील.

समोर बसून विचारलं तर माझा आवाज जाईल. म्हणून गिऱ्हाइकांना सहीसाठी लावतो त्या पिवळ्या चिठ्ठीवर लिहिलंय. ती त्यांच्या हिरव्या वहीवर चिकटवणार आहे, सकाळी ते यायच्या आत. इथे उतरवून ठेवते, म्हणजे उद्या धीर सुटला तरी काय लिहिलं होतं ते राहील.

बाबा,
पंधरा तारखेला लिफाफे न्यायचे आहेत. सात आहेत, तुमचा धरून आठ. खिडकीशी तुम्हीच उभे राहा, नावं तुम्हीच वाचून घ्या. येताना उतारावर थांबू, आईला सांगून येऊ.
फक्त ट्रक मला चालवू द्या.
मार्ला